चित्र शिकायचंय? आधी बैलवाल्याला दाखवा

मी आठवीपासून चित्रं काढतो, पण शिकायला लागलो फार उशिरा. मधली सात-आठ वर्षं नटांचे फोटो उतरवण्यात गेली. पेपरातल्या फोटोवर पट्टीनं अर्ध्या इंचाच्या चौकटी, कागदावर एक इंचाच्या, आणि मग एकेक चौकट भरत जायचं. गावात नाव झालं. लोक ‘सेम टू सेम’ म्हणायचे. मग एका वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी फोटो न बघता, मनानंच एक बैल काढला आणि घरामागच्या बाबाजींना नेऊन दाखवला. त्यांनी कागद हातभर लांब धरला, जरा मान वाकडी केली आणि म्हणाले, “काय रे लेका, याचं वशिंड पाठीच्या मधात आणून ठेवलं तू. जू कुठं ठेवशीन मंग, शेपटीवर?”

रोज ज्या बैलांच्या मागं बंडीत बसून शेतात जायचो, त्यांचं वशिंड कुठं असतं ते मला माहीत नव्हतं.

ज्यांच्या गावात चित्रकलेचा क्लास नाही, शासकीय चित्रकला महाविद्यालय नागपुरात आणि आपण आर्वी, दारव्हा नाहीतर चामोर्शीकडं, आणि कॉलेज, शेती किंवा दुकान सांभाळून हात सुधारायचा आहे, अशांसाठी हे लिहितोय. क्रम मी ज्यातून गेलो तोच आहे, फक्त माझी वाया गेलेली वर्षं गाळून.

सामान

एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली, एक खोडरबर, एक ब्लेड. चोवीस पेन्सिलींचा डबा घेऊ नका. त्यातल्या वीस तशाच राहतात आणि ‘एवढं सामान आणलं, आता चित्र चांगलं यायलाच पाहिजे’ असा उगाच भार डोक्यावर बसतो.

कागदासाठी तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात जा. तिथं दिवसभरात बिघडलेल्या प्रतींचा ढीग पडतो. ते पाठकोरे कागद मागा, ओळख असेल तर फुकट मिळतात. पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून दाभणानं शिवून घ्या. कोऱ्या, जाड कागदाच्या वहीत माणूस भीत-भीत रेघ मारतो. पाठकोऱ्यावर हात मोकळा चालतो, कारण तो कागद आधीच वाया गेलेला असतो. प्रत्येक पानावर तारीख मात्र टाका.

कोळसा विकत घ्यायची गरज नाही. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) किंवा तुऱ्हाटीच्या (तुरीच्या) पेन्सिलीएवढ्या जाड, वाळलेल्या, सरळ काड्या घ्या. साल काढा, पत्र्याच्या डब्यात दाटून भरा, झाकण घट्ट लावा आणि झाकणाला खिळ्यानं एकच भोक पाडा. डबा चुलीतल्या निखाऱ्यांत ठेवा. भोकातून धूर निघेल. तो थांबला की डबा बाहेर काढा, पण पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. गरम असताना हवा आत गेली तर काड्यांची राख होते. माझा पहिला डबा असाच गेला. चांगला जमलेला कोळसा हलका असतो आणि कागदावर मऊ, काळी रेघ देतो. ती पसरवायला घरातल्या कापसाचा पुंजका पुरतो. निदान या कामात तरी त्याला भाव आहे.

उन्हाळ्यात हाताच्या घामानं कागद ओला होतो आणि पेन्सिल फरफटते. मनगटाखाली एक कोरा तुकडा ठेवायची सवय लावा.

पहिला पंधरवडा गडव्याचा

चेहरे, देव, वाघ सगळं बाजूला ठेवा. घरातला पितळी गडवा, म्हणजे लोटा, ओट्यावर ठेवा आणि समोर बसा.

पहिले तीन दिवस कागदाकडं न बघता काढायचं. नजर गडव्याच्या कडेवर ठेवायची आणि मुंगी चालावी तशी ती हळूहळू पुढं सरकवायची. नजर सरकेल तेवढीच पेन्सिल सरकली पाहिजे. चित्र वेडंविद्रं येईल, येऊ द्या. ते कोणाला दाखवायचं नाही. आपण डोळ्यानं जेवढं बघतो त्याहून जास्त डोक्यातलं काढतो, ती खोड मोडायला हा उपाय आहे. ‘गडवा म्हणजे असा’ हे डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं असतं आणि हात तेच काढत राहतो. माझ्या बैलाचंही हेच झालं होतं.

चौथ्या दिवसापासून कागदाकडं बघायला मोकळीक. आता गडव्याचं तोंड बघा. ते गोल आहे, पण तुम्हाला दिसतो लंबगोल. उभे राहा, लंबगोल फुगतो. खाली बसा, तो चपटा होतो. डोळे बरोबर तोंडाच्या पातळीला आणा, नुसती आडवी रेघ उरते. आता बुडाकडं बघा. ते डोळ्यांपासून तोंडापेक्षा जास्त खाली आहे, म्हणून त्याचा गोल तोंडाच्या गोलापेक्षा जास्त फुगीर दिसला पाहिजे. जवळपास प्रत्येक नवशिक्या तोंड गोल काढतो आणि बूड मात्र पट्टीनं मारल्यासारखं सपाट. का, तर गडवा जमिनीवर सपाट बसलेला असतो हे त्याला माहीत असतं! तुमच्या जुन्या चित्रांत बादल्या, मडकी, विहिरीचं तोंड शोधून बघा, हीच चूक सापडेल.

हेच शेतात मोठ्या मापावर दिसतं. कपाशीच्या सरळ ओळींत उभं राहून बांधाकडं बघा. सगळ्या ओळी दूर जाऊन एका बिंदूशी मिळतात आणि तो बिंदू तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. मग मधेच खाली बसा. क्षितिज तुमच्याबरोबर खाली येतं. डोळ्यांच्या वरच्या रेघा, जसं घराचं वळचण, दूर जाताना खाली उतरतात. खालच्या रेघा, जसं जोतं, वर चढतात. यथार्थदर्शनाचा, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचा, धडा एवढाच आहे. तो पुस्तकात अवघड वाटतो आणि वऱ्हाडच्या सपाट रानात दहा मिनिटांत कळतो.

ओळंबा आणि रिकाम्या जागा

मापासाठी हात ताठ करून पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा आणि अंगठ्यानं पेन्सिलीवर माप घ्या. गडव्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते? कोपर वाकू देऊ नका. एक माप ताठ हातानं आणि दुसरं वाकलेल्या हातानं घेतलं तर सगळा हिशोब फसतो.

तिरकेपणासाठी गवंड्यासारखा ओळंबा करा. दोऱ्याला खडा बांधला की झालं. उभ्या माणसासमोर तो धरा. कानापासून सुटलेला दोरा खाली घोट्याजवळ येतो की पावलाच्या बाहेर जातो ते बघा. चित्रातला माणूस पडतोय असं वाटत असेल तर बहुतेक वेळा इथंच चुकलेलं असतं.

उभ्या माणसाची उंची साधारण सात ते साडेसात डोक्यांएवढी असते असं सगळीकडं शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात हेही बरोबर. नवशिके ते वर, कपाळात चढवतात. पण आपल्याकडं माणूस नुसता उभा कितीसा असतो? तो उकिडवा बसलेला असतो, खाटेवर एक पाय वर घेऊन बसतो, सरी काढताना कमरेतून वाकलेला असतो. त्याचं माप कुठल्या तक्त्यात शोधू नका. जाऊन डोकी मोजा आणि वहीत लिहून ठेवा.

तिसरी युक्ती मला सगळ्यांत आवडते. खाट काढायची असेल तर खाट काढू नका, तिच्या पायांमधून दिसणारी भिंत काढा. बंडीचं चाक काढायचं तर आऱ्यांमधली रिकामी फोड काढा. खाटेचं नाव डोक्यात असतं म्हणून हात फसतो. त्या पोकळीला नाव नसतं, म्हणून ती जशी दिसते तशीच उतरते.

उजेड

चैत्र-वैशाखातल्या दुपारी बाहेर चित्र काढायला बसू नका. ऊन लागेल हे तर आहेच, पण सूर्य डोक्यावर असला की सावल्या पायाखाली गोळा होतात आणि वस्तू चपट्या दिसतात. सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी पाचनंतर बसा. डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील गळून फक्त उजळ, मधला आणि काळा असे तीन पट्टे उरतील. आधी तेवढेच भरा. निंबाचं झाड काढताना पान-पान काढत बसाल तर हिवाळा येईल.

हलणारी माणसं, बसलेली ढोरं

महिनाभरानंतर जिवंत गोष्टींकडं वळा. एसटीची वाट बघणारी माणसं, आठवडी बाजारात भाजी तोलणारी बाई, पानठेल्यावर खर्रा घोटणारा पोरगा. प्रत्येकाला अर्धं मिनिट द्यायचं. डोक्यापासून टाचेपर्यंत कल कुठं आहे ती एक रेघ, खांद्यांची एक, कमरेची एक, झालं. माणूस हलला की पुढचं चित्र. एका फेरीत वीस झाली पाहिजेत, त्यातली अठरा वाईट असतील.

मुलींना पानठेल्यासमोर वही घेऊन बसणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. घरात तेवढंच शिकायला मिळतं. भाकर थापणारे आईचे हात तर एसटी स्टँडवरच्या कुठल्याही माणसापेक्षा अवघड. एकच हालचाल पुन्हा-पुन्हा होते, म्हणून राहिलेली रेघ पुढच्या भाकरीला पकडता येते. आणि स्वतःचा डावा हात तर कायम रिकामाच असतो.

जनावरांसाठी दुपारची वेळ धरा. गाई-बैल सावलीत बसून रवंथ करत असतात तेव्हा अर्धा-अर्धा तास जागचे हलत नाहीत. इतकं शांत मॉडेल शहरात पैसे देऊनही मिळायचं नाही. मागच्या पायाचा मागं वाकलेला जो सांधा ‘गुडघा’ वाटतो, ती खरं तर टाच असते. गुडघा वर, पोटाजवळ असतो. एवढं कळलं तरी बैलाचे मागचे पाय टेबलाचे पाय दिसायचे थांबतात.

कोणाला दाखवायचं आणि काय विचारायचं

आता मूळ मुद्द्यावर येतो. सराव एकट्यानं होतो, पण आपली चूक आपल्याला दिसत नाही. ज्या नजरेनं ती केली, तीच नजर तपासायला बसलेली असते.

गावात चित्रातलं कळणारं कोणी नाही, अशी तक्रार मी बरीच वर्षं केली. ती चुकीची होती. चित्रातलं कळणारा नसेल, पण ज्याचं चित्र काढलंय त्या गोष्टीतलं कळणारा दर घराआड एक असतो. बैल बैलवाल्याला दाखवा, सदऱ्याचा खांदा शिंप्याला, दार-चौकट सुताराला, साडीच्या निऱ्या कोणत्याही मावशीला. शिंप्यानं मला एकदा सांगितलं, “हा हात वर केला तं कापड काखेतून ओढलं जाईन ना, तुह्यी घडी उलटी पडली.” घडीची सुरुवात ताण पडतो तिथून होते हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

फक्त विचारायची रीत बदला. ‘कसं झालं?’ विचारलं की ‘मस्त झालं’ हेच उत्तर येणार. कोण कशाला वाईट म्हणेल? त्याऐवजी असं विचारा: “हा बैल कोणत्या जातीचा वाटते?” “याचं वय काय असंन?” “ही बाई घागर उचलून राहिली का ठेवून राहिली?” उत्तर चुकलं तर तुमचं चित्र चुकलं. मी गवळाऊ काढला होता आणि एक जण सरळ म्हणाला, हा गवळाऊ नव्हेच. आमच्या वर्धेकडचा गवळाऊ पांढरा-करडा, अरुंद लांब तोंडाचा, शिंगं आखूड आणि बोथट. मी कॅलेंडरवरच्या बैलाची लांब, टोकदार शिंगं लावली होती.

लोक चूक त्यांच्या शब्दांत सांगतात, ती पेन्सिलीच्या भाषेत आणणं आपलं काम. ‘बैल थकल्यासारखा दिसते’ म्हणजे मानेची किंवा पाठीची रेघ जास्त उतरली. ‘माणूस हवेत हाये’ म्हणजे पायाखाली सावली नाही. ‘चेहरा त्याचाच हाये पण तो नाही वाटत’ म्हणजे बहुधा डोळ्यांमधलं अंतर किंवा नाकाखालची जागा बिघडली. समोरच्याशी वाद घालू नका, ‘मला तसंच काढायचं होतं’ हे तर चुकूनही म्हणू नका. ऐकून घ्या, पानामागं त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि त्याच आठवड्यात तेच चित्र पुन्हा काढा. नवं नाही, तेच. दुसऱ्यांदा काढलं नाही तर टीका नुसती मनाला लागते, हाताला लागत नाही.

माझ्या बैलाचं पुढं असं झालं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबाजींकडं खांदशेकणी होती. हळद-लोणी लावून ते बैलाचा खांदा चोळत होते. माझा हात धरून त्यांनी तो तिथं टेकवला. वशिंड बरोबर पुढच्या पायांच्या वर येत होतं, आणि त्याच्या पुढं, मानेवर, जुवानं घट्टा पडलेली राठ कातडी बोटांना लागली. “इथं बसते जू,” ते म्हणाले. बाबाजींचं बैलाला ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून झाल्यावर मी तिथंच कंदिलाजवळ बसून खांद्याची पाच चित्रं काढली. त्यानंतर वशिंडाची जागा कधी चुकली नाही. शक्य असेल तर काढायच्या गोष्टीला हात लावून बघाच. दुसऱ्या दिवशी सुधारलेला बैल दाखवला, तर बाबाजींना नवीच खोट सापडली: “आता जुंपता येईन. पण वेसण कुठं हाये?”

हे झालं वस्तूचं ज्ञान. रेघेचं आणि छटेचं कळणारा एक तरी माणूस मात्र लागतोच. जवळच्या हायस्कुलात कलाशिक्षक असतील तर त्यांना भेटा. शाळेत शिकत असाल तर शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, बसा. लोक दहावीच्या वाढीव गुणांसाठी बसतात, तुम्ही वस्तुचित्र आणि स्मरणचित्र ठरलेल्या वेळेत संपवायच्या सवयीसाठी बसा. सरांकडं जाताना एकच उत्तम चित्र नेऊ नका. महिन्याभराची वही न्या, फसलेल्या पानांसकट. एका चित्रावरून चूक कळते, वहीवरून खोड कळते.

जवळ कोणीच नसेल त्या दिवशी तीन गोष्टी करता येतात. चित्र आरशात बघा, किंवा मोबाइलवर फोटो काढून आडवा उलटवा. वाकडा जबडा लगेच ओरडून सांगेल. चित्र उलटं, डोकं खाली करून बघा. आणि आठ दिवस नजरेआड ठेवून मग काढा, तोवर ते दुसऱ्या कोणाचं तरी झालेलं असतं.

नक्कल

नक्कल वाईट नाही, माझी नक्कल आंधळी होती एवढंच. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकारानं तयार केलेले सरावाचे तक्ते पुन्हा-पुन्हा गिरवले. दोऱ्या ताणलेली लाकडी चौकटही तो वापरायचा. समोरचं दृश्य त्यातून बघायचं आणि दोऱ्यांच्या आधारानं मापं घ्यायची. बांबूच्या चार कामट्या आणि सुतळीत ती घरी होते. फरक लक्षात घ्या: माझ्या चौकटी फोटोवर होत्या, त्याच्या जिवंत दृश्यावर.

नकलेला चांगला माल जवळच आहे. वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या देवळावरच्या मूर्ती, लोणारचं दैत्यसूदन मंदिर, नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं संग्रहालय. या मूर्ती हलत नाहीत आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या छटा आपोआप सुटतात. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत असाल तर नाटकाचा रंगवलेला पडदा आधी दुरून बघा आणि मग जवळून. जवळून नुसते फराटे, दुरून महाल. किती थोड्यात भागतं ते तिथं कळतं.

एक सावधगिरी. हात जरा बरा झाला की लोक वारलेल्या आजोबांचा पासपोर्ट फोटो घेऊन येतात आणि मोठं चित्र मागतात. पैसे मिळतात, घ्यावेत, मीही घेतो. पण तो सरावात धरू नका. आणि चित्रकलेचे व्हिडिओ बघणं हाही सराव नव्हे. बघायचाच असेल तर हातात पेन्सिल घ्या आणि दर मिनिटाला थांबवत बघा.

वेळ

रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास बसून बाकी सहा दिवस काहीच न करण्यापेक्षा हे कधीही बरं. पेरणीत आणि कापूस वेचणीत तेवढीही मिळत नाहीत, तेव्हा खिशात चार पाठकोरे तुकडे ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत एक हात, एक विळा, एक पायताण काढा. खंड पडला तर पुन्हा गडव्यापासून सुरू करा, आठवड्यात हात जागेवर येतो.

दर तीन महिन्यांनी तोच गडवा, तोच बैल, स्वतःचा तोच डावा हात पुन्हा काढा आणि जुन्या पानाशेजारी ठेवा. त्यासाठी जुन्या वह्या जपाव्या लागतात. मातीच्या भिंतीला टेकून किंवा जमिनीवर ठेवू नका. पत्र्याच्या पेटीत, विटांवर ठेवा, पावसाळ्याआधी एकदा उन्हात टाका आणि मधेमधे उघडून बघत राहा. माझी पहिली वही भिंतीतल्या कोनाड्यात होती. पाठीवर वशिंड असलेला तो बैल वाळवीनं पुठ्ठ्यासकट खाल्ला, नाहीतर इथं दाखवला असता.